सातवा रकाना

पिपलानी, भोपाळ
६ मार्च १९८३

चि. रत्ना हिस मामाचे आशीर्वाद,

तुझ्या आईचं अमरावतीहून पत्र आलं. तू दिल्लीच्या विज्ञान खात्यात बढतीवर गेलीस आणि तुझ्या टेबलावर स्वतःची घंटी आहे, एवढं कळलं. घंटी वाजवल्यावर कोणी येतं का, ते कळव.

मला निवृत्त होऊन सात महिने झाले. क्वार्टर आता सुभाषच्या नावावर आहे, म्हणजे आम्ही मुलाच्या घरी राहतो. तुझी मामी दिवसातून एकदा हे मला ऐकवते. मी सकाळी आठला डबा घेऊन गोविंदपुऱ्यात शंकरच्या शेडवर जातो. शंकर माझ्याबरोबरच कॉइल शॉपमध्ये होता, त्याने नोकरी सोडून लेथ टाकली. तिथे मी एक मशीन उभी केली आहे. तिच्यासाठीच हे पत्र.

तू शिकत असताना आमच्या शॉपमध्ये एकदा आली होतीस, आठवत असेल. मोटरच्या तांब्याच्या कॉइलवर बायका अभ्रकाची पट्टी गुंडाळत बसलेल्या असतात. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढला पाहिजे आणि ताण एकसारखा पाहिजे. सैल राहिला तर आत ओल शिरते, जास्त ओढला तर पट्टी तुटते. लीला माझ्या हाताखाली चौदा वर्षं हेच करत होती. आता तिला पेला उचलायलाही दुसरा हात लावावा लागतो. तिचं मनगट बघूनच मी या उद्योगाला लागलो. माझ्या मशीनमध्ये एक कडं आहे, त्यावर पट्टीचं रीळ बसतं, कॉइल कड्यातून पुढे सरकते आणि कडं तिच्याभोवती फिरतं. लीला तासभर करते ते काम बारा मिनिटांत होतं.

आता मुद्दा. कारखाना अशा दोन मशिनी परदेशातून मागवणार आहे. वर्षअखेर ऑर्डर जाईल. पेपरात वाचलं की जानेवारीत सरकारने तंत्रज्ञानाचं नवं धोरण काढलं, त्यात इथली वस्तू आधी बघा असं म्हटलंय. ते तुझंच खातं ना? मग तू एक शब्द टाक. वर्षअखेरीच्या आत तुमच्या खात्याने लिहून दिलं की ही मशीन चालते, तर माझ्या एकतीस वर्षांचं काहीतरी झालं असं मी म्हणेन. नाहीतर मी शंकरच्या शेडमध्ये वेळ घालवणारा म्हातारा आहेच.

तुझा मामा
काशिनाथ


दिल्ली
२१ मार्च १९८३

ती. मामांना वाकून नमस्कार,

घंटी आहे. वाजवली की शेजारच्या खोलीतला शिपाई येतो आणि मॅडम, ही घंटी माझ्यासाठी नव्हे ना, असं विचारतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसले, कारण तुम्ही अख्ख्या मशीनचं वर्णन केलंत पण चित्र काढलं नाहीत. सोबत आमच्या योजनेचा अर्ज पाठवते आहे. चित्र त्यात काढा. अर्ज मुद्दाम हिंदीत आणि इंग्रजीत छापला आहे, कारण खात्यात बराच वाद होऊन एक गोष्ट मान्य झाली. आपण मोठमोठ्या प्रयोगशाळा बांधल्या, पण त्यांच्या दारातून पदवीवालाच आत जातो. ज्याच्या हातात पाना आहे, तो बाहेर राहतो. धोरण काही कोणाला कारखाना काढून देत नाही, मामा. ते एवढंच म्हणतं की बाहेरून मागवण्याआधी घरात विचारा, आणि घरात कोणी काही केलं असेल तर ते तपासायला त्याला जागा द्या, माणसं द्या, वेळ द्या. एक मशीन इथे झाली तर तिची दुसरी इथे होते, तिचे सुटे भाग करणाऱ्या चार शेडी उभ्या राहतात. आणलेली मशीन बंद पडली तर परदेशी पत्र टाकून बसावं लागतं.

अर्ज भरताना दोन गोष्टी सांभाळा. माझं नाव कुठेही लिहू नका. आणि सातवा रकाना नीट भरा. तिथे विचारलं आहे, हे करताना आजवर काय काय फसलं. सगळे तो रकाना घाईत भरतात. तुम्ही भरू नका तसा.

मामीला सांगा, इथे ज्वारी मिळते, पण तिच्या हातची भाकरी मिळत नाही.

तुमची
रत्ना


पिपलानी
१० एप्रिल १९८३

चि. रत्नास आशीर्वाद,

अर्ज रजिस्टरने पाठवला. चित्र सुभाषकडून शाईने काढून घेतलं, त्याचा हात चांगला आहे. सातव्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. तू म्हणालीस नीट भरा, पण मला सांग, मुलगी दाखवायला बसवली की तिला कोणकोणते आजार झाले होते त्याची यादी देतात का? एकतीस वर्षं मी कागद भरले. जे साहेबाला हवं ते लिहायचं, बाकी शॉपवर निस्तरायचं. तसंच चालतं.

तू खात्यात आहेस हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मामीने महिला मंडळात सांगितलं, शंकरने गोविंदपुऱ्यात सांगितलं आणि परवा बस स्टॉपवर एका अनोळखी माणसाने मला विचारलं, आपकी भांजी दिल्ली में है ना, मेरे लडके का भी कुछ देखिए. मी त्याला सांगितलं, ती फक्त घंटी वाजवते.

अर्ज मिळाल्याची पोच आली. तिच्यावर तुझी सही नाही, कोण्या दुसऱ्याच अधिकाऱ्याची आहे. तू दौऱ्यावर होतीस का?

तुझा मामा


दिल्ली
२ मे १९८३

ती. मामांना नमस्कार,

हे पत्र लिहायला आठ दिवस लावले, म्हणून रागावू नका. राग पुढच्या ओळीसाठी ठेवा.

मी दौऱ्यावर नव्हते. तुमचा अर्ज आला त्याच दिवशी मी वरिष्ठांना लिहून दिलं की अर्जदार माझे सख्खे मामा आहेत, ही फाइल माझ्याकडे नको. ती आता दुसऱ्या टेबलावर आहे आणि मी ती उघडू शकत नाही. तपासणीला कोण येणार, काय लिहिणार, मला काहीही कळणार नाही. शब्द टाकणं तर दूरच.

तुम्हाला वाटेल, एवढं शिकवून हेच का. पण मामा, तुमच्या मशीनला पास केलं आणि कागदावर भाचीची सही निघाली, तर कारखान्यातला एक माणूस तरी म्हणेल की मशीन काशिनाथची नव्हे, नात्याची आहे. मला ते चालणार नाही. तुमची मशीन चांगली असेल तर तिला माझी गरज पडू नये.

मला माहीत आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

तुमची
रत्ना


पिपलानी
२० मे १९८३

चि. रत्नप्रभा हिस,

पत्र पावलं. नियम कळला.

तू पाच वर्षं या क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहून शिकलीस. हे मी मोजून दाखवायला लिहीत नाही, मोजायचं असतं तर आजवर मोजलं असतं. फक्त एवढंच वाटलं की माणूस सख्खा असला की परका होण्यासाठी अर्ज करावा लागतो, हे मला आजवर माहीत नव्हतं.

तुझ्या खात्याची तीन माणसांची समिती १२ जुलैला येते आहे. तयारी चालू आहे. शेड झाडून घेतली, दारातल्या झाडांना गेरू-चुना मारला, मशीनही जरा बघण्यासारखी करतो आहे. साहेब लोक यायचे म्हणजे कसं काय ठेवायचं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

मामी बरी आहे.

काशिनाथ


दिल्ली
१९ जुलै १९८३

ती. मामांना नमस्कार,

बारा तारीख होऊन गेली. मी फाइल बघू शकत नाही, पण पोस्टमनची वाट बघायला मला कोणी मनाई केलेली नाही. सात दिवस बघते आहे.

राग असेल तर राग लिहा. पण लिहा.

रत्ना


पिपलानी
२७ जुलै १९८३

चि. रत्नास,

झालं ते असं. समिती आली, चहा झाला, मशीन सुरू केली. अकराव्या फेऱ्याला पट्टी तुटली. पुन्हा लावली, सातव्याला तुटली. तिसऱ्यांदा चौथ्याला. मग मी स्विच बंद केला. समितीचे मुख्य डॉ. केशव राव म्हणून होते, पांढऱ्या केसांचे. त्यांनी विचारलं, काय झालं असावं? मी म्हणालो, पावसाळ्याची हवा आहे, दमट आहे, पट्टी अशा हवेत दगा देते. त्यांनी लिहून घेतलं. जाताना तुटलेल्या पट्टीचा तुकडा खिशात घालून नेला, कशाला कोण जाणे.

आता तो विषय नको. मी शेडवर जाणं थांबवलं आहे. शंकरला म्हटलं, मशीन खोलून लोखंड वापरून टाक. तुझी मामी म्हणते, चला नागपूरला महिनाभर राहून येऊ. जाऊ बहुधा.

तू फाइल सोडलीस ते बरंच केलंस. तुझ्या सहीला डाग लागला असता.

मामा


पिपलानी
१ ऑगस्ट १९८३

चि. रत्ना,

मी मामी. माझं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. हे बाजारात जातो म्हणून गेले आहेत तेवढ्यात लिहिते. त्यांना सांगू नकोस मी लिहिलं.

दमट हवेचं त्यांनी तुला लिहिलं असणार. समितीलाही तेच सांगितलं. खरी बात वेगळीच आहे. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्यांनी मशीनला राखाडी रंग मारला, एनॅमल. कारखान्यात कोणी मोठे साहेब यायचे असले की शॉपमधल्या मशिनींना रंग देत ना, तसा. मी म्हटलं, अहो, चालती मशीन आहे, राहू द्या. तर मला म्हणे, तुला काय समजतं, गंजकी मशीन दिल्लीवाल्यांसमोर ठेवायची का? स्वतः ब्रश घेऊन बसले. एकदम चकाचक झाली, शंकरभाऊंनी फोटो पण काढला. पण त्या रिळाला ताण देणारी नमद्याची चकती असते, जाड लोकरीच्या कापडाची, तिच्यात तो रंग मुरला आणि ती पापडासारखी कडक झाली. रीळ फिरेचना, म्हणून पट्टी तुटली. साहेब लोक गेल्यावर हे चकती घेऊन घरी आले आणि मला दाखवून म्हणाले, सुनंदा, मी केलं हे.

त्यांना पट्टी तुटल्याचं दुःख नाही ग. एकतीस वर्षं पोरांना शिकवलं की फिरत्या भागाला रंग लावायचा नाही, आणि स्वतःच लावला. ते कोणाला सांगता येत नाही त्यांना. नागपूरला जायचं म्हणतात पण पेटी काढत नाहीत.

तू काही करू शकत नाहीस, ते मला माहीत आहे. पण पत्र लिही.

मामी


दिल्ली
१४ ऑगस्ट १९८३

ती. मामांना नमस्कार,

तुम्ही म्हणालात तो विषय नको, म्हणून दुसरा काढते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल बिघडलं होतं. घरी येऊन मी सांगितलं होतं की परीक्षक खडूस होते. तुम्ही दोन दिवस त्या परीक्षकांना शिव्या देत होतात आणि मामीने मला शिरा करून घातला होता. खरी गोष्ट अशी की परीक्षेआधी मी दुर्बिणीची काच ओढणीने पुसली. चांगली दिसावी म्हणून. त्यात ती जागची हलली आणि सगळे आकडे चुकले. परीक्षक बिचारे भले होते, मला दोनदा विचारत होते, आधी काही हलवलंस का, आणि मी नाही म्हणत होते. हो म्हणाले असते तर त्यांनी पुन्हा करू दिलं असतं. बारा वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही. शिरा मात्र सगळा खाल्ला.

आता अर्जाची गोष्ट. मी तुमची फाइल उघडलेली नाही आणि उघडणार नाही. पण छापील अर्जाची मागची बाजू कोणीही वाचू शकतं. तिथे अकरावा नियम आहे. परीक्षा फसली तर नव्वद दिवसांत अर्जदाराने ती का फसली याचं कारण स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, म्हणजे एकदा फेरतपासणी होते आणि तपासाला लागेल ती प्रयोगशाळा खातं मिळवून देतं. हा नियम घालायला लावणाऱ्यांत मीही होते. कारण जे करून बघतात त्यांचंच फसतं, आणि सरकारने फसलेल्याला दारातून परत पाठवलं तर पुढच्या वेळी कोणी काही करून बघणार नाही. मग आपण जन्मभर आणलेल्या मशिनींना रंग देत बसू.

कारण मला कळवायची गरज नाही. कागदाला कळवा. नव्वद दिवस १० ऑक्टोबरला संपतात.

तुमची
रत्ना


पिपलानी
१२ सप्टेंबर १९८३

चि. रत्नास अनेक आशीर्वाद,

आणलेल्या मशिनींना 'रंग देत बसू' असं तू लिहिलंस तेव्हाच मी ओळखलं की मामीने तुला कळवलं आहे. तिला विचारलं तर म्हणाली, मी तर फक्त खुशाली लिहिली. एकूण या घरातली बाई आणि दिल्लीतली बाई मिळून माझं सरकार चालवतात.

असो. तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी ते शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. कागदावर ते लिहायचं म्हणजे काय, हे तुला नाही कळणार. शॉपमध्ये माझ्या हाताखाली शंभरएक माणसं तयार झाली. त्यातला एकजण आज कारखान्यात मशीन तपासणारा आहे. सरकारी कागद कुठेही फिरतो. त्याने वाचलं की काशिनाथजींनी ताणाच्या चकतीला रंग मारला, तर तो काय म्हणेल, हेच डोक्यात.

शेवटी शेडवर गेलो. म्हटलं, लिहायचंच तर आधी खात्री करून घेऊ. सगळा रंग खरवडला, तीन दिवस लागले. नमद्याची नवी चकती घातली, कोरी. मशीन लावली. चौदाव्या फेऱ्याला पट्टी तुटली.

रत्ना, मी स्टुलावर बसलो तो किती वेळ उठलो नाही. मग चकती काढून हातात घेतली तर ती जड लागली. डब्यातली दुसरी कोरडी चकती आणि ही, दोन्ही शंकरच्या काट्यावर ठेवल्या. हवेतली ओल पिऊन ती फुगली होती. फुगली की रिळाला घट्ट धरते. मशीन मी थंडीत आणि उन्हाळ्यात चालवली होती, पावसाळ्यात कधी चालवलीच नव्हती. म्हणजे राव साहेबांना मी जी थाप मारली, ती खरी निघाली. रंगाने जे एका दिवसात केलं, ते पावसाने दरवर्षी केलं असतं. मशीन त्या दिवशी पास झाली असती, तर पुढच्या जुलैत कारखान्यात बंद पडली असती आणि लोक म्हणाले असते, देशी माल असाच असतो.

मग लिहायला बसलो. रंगाचं लिहिलं. थापेचं लिहिलं. थाप खरी कशी निघाली तेही लिहिलं. आणि सातवा रकाना मागून पुन्हा भरून पाठवला, दोन पानं पुरवणी जोडून. पहिल्या कड्याला तडा गेला होता, दुसऱ्याचा तोल नव्हता, लीला शेडवर मशीन बघायला आली तेव्हा तिच्या ओढणीचं टोक अडकलं होतं म्हणून जाळी बसवली, सगळं. लिहिताना कळलं की माझी मशीन म्हणजे त्या दोन पानांवरचीच मशीन आहे.

टपालात टाकून घरी आलो. मामीने शिरा केला होता. तिलाही तू ते लिहिलं होतंस का?

तुझा मामा


पिपलानी
२५ नोव्हेंबर १९८३

चि. रत्नास आशीर्वाद,

तुझ्या खात्याचं पत्र घेऊन मी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. गेटवरच्या चौकीदाराने विचारलं, किससे मिलना है? म्हणालो, माणसाला नाही, एका पेटीला भेटायचंय. त्यांच्याकडे दमट हवेची पेटी आहे, बटण फिरवलं की आत जुलै महिना होतो. या दारासमोरून मी इतकी वर्षं स्कूटरने जात होतो, आत पाऊल ठेवायचं डोक्यातही आलं नव्हतं. सातवी पास माणसाचं तिथे काय काम. आता एका कागदावर आठवड्यातून दोन दिवस ती पेटी माझी आहे. पोरं मला सर म्हणतात. मी दोनदा मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत म्हणून.

नमदा, कातडं, बुचाचं लाकूड, रबर, सगळं पेटीत घालून बघितलं. पाचव्या आठवड्यात स्कूटरच्या ब्रेकचा पट्टा कापून घातला. ज्याच्यावर भर पावसात पिपलानीचा उतार उतरतो, तो ओलीने फुगत नसणार हे मला आधी सुचायला हवं होतं. नाही फुगला. दहा तास पेटीत ठेवून ताण मोजला, काटा हलला नाही.

एक मात्र वाईट आहे. कारखान्याला थांबता येणार नाही, त्यांच्यावरही काम आहे. बाहेरच्या दोन मशिनींचा कागद तयार आहे. फेरतपासणी ३० जानेवारीला, तोवर तो सहीविना ठेवू असं त्यांच्या इंजिनिअर साहेबांनी कबूल केलं. एवढंही कमी नाही.

मी तुला मे महिन्यात जे लिहिलं होतं, परकं होण्याबद्दल, ते माझं चुकलं. तुझी सही कागदावर नाही म्हणून मी कॉलेजात मान वर करून जातो.

तुझा मामा


दिल्ली
७ डिसेंबर १९८३

ती. मामांना वाकून नमस्कार,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. शेवटच्या ओळींनंतर रुमाल सापडेना, आणि नेमका तेव्हाच शिपाई विचारायला आला की घंटी तुमची का.

तीस जानेवारीला मी देवाला काही सांगणार नाही, तेही नात्यात मोडेल. पण दिवसभर काही खाणारही नाही. मामीला हे सांगू नका.

तुमची
रत्ना


पिपलानी
१ फेब्रुवारी १९८४

चि. रत्नास अनेक आशीर्वाद,

सविस्तर लिहितो, कारण तुला हे फाइलमधून कळणार नाही आणि फाइलमध्ये सगळं नसेलही.

परवा डॉ. केशव राव आले, बरोबर समितीतले दोघे आणि कारखान्याचे इंजिनिअर साहेब. पट्टी कशी बसते ते हाताने तपासायला त्यांनी लीलाला आणलं होतं. शंकरने एका कोपऱ्यात चार बादल्या उकळतं पाणी ठेवून शेड ओली केली होती, राव साहेबांनीच तसं सांगितलं होतं. मशीन सव्वादोन तास चालली. अकरा कॉइल झाल्या. पट्टी एकदाही तुटली नाही. शंकर दाराशी उभा होता, त्याला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा देवाचं नाव घेताना पाहिलं. इंजिनिअर साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काशिनाथजी, कमाल कर दी. राव साहेबांनी फाइल गुडघ्यावर घेतली आणि पेनचं टोपण काढलं.

लीला शेवटची कॉइल मांडीवर घेऊन बसली होती. कॉइल जिथे वळते, त्या वाकणावरून ती अंगठा फिरवत होती. एकदा, दोनदा. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता कॉइल हळूच बाकावर ठेवली. चौदा वर्षं तिचा अंगठा मी पाहतो आहे. मी जाऊन ती कॉइल उचलली. वाकणाच्या आतल्या बाजूला पट्टी केसभर सैल होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटाला लागत होतं.

खरं सांगतो, मी ती कॉइल परत ठेवली. कोणाला कळलं नसतं. दोन-तीन वर्षांनी तिथून ओल शिरली असती, कुठल्या तरी गावात पाण्याच्या पंपाची मोटर जळाली असती, गाव चार दिवस हंडे घेऊन हिंडलं असतं आणि त्याचा संबंध माझ्याशी कोणी जोडला नसता. राव साहेब सही करणार एवढ्यात मी म्हणालो, साहेब, जरा थांबा, वाकणावर ही बरोबर गुंडाळत नाही.

इंजिनिअर साहेब हळूच म्हणाले, अहो, अभी दस्तखत तो होने दो. राव साहेबांनी कॉइल घेतली, चाचपली, त्यांना काही लागेना. तेव्हा लीला उठली. तिने दिल्लीच्या एवढ्या मोठ्या माणसाचा अंगठा सरळ आपल्या हातात धरला आणि त्या जागेवर ठेवला. म्हणाली, यहाँ साहब, दबाना नहीं, बस चलाना. त्यांनी अंगठा फिरवला. मग पेनला टोपण लावलं.

अर्धा तास ते तिघे बाहेर बोलत होते. शेवटी नवा कागद लिहिला. मशीन सरळ भागासाठी मान्य, वाकण हाताने करायचं. माझ्या दोन मशिनी कारखान्यात एक वर्ष चालवून बघायच्या. बाहेरच्या दोनपैकी एक येईल, दुसरी वर्षभर थांबवली. वाकणाच्या कामासाठी कॉलेजातली पेटी आणि तिथले एक प्राध्यापक वर्षभर मिळतील. गप्प बसलो असतो तर बाहेरच्या दोन्ही थांबल्या असत्या. शंकर अजून माझ्याशी धड बोलत नाही.

लीलाला बसवर सोडायला मी स्टॉपपर्यंत गेलो. ती म्हणाली, "काका, तुम्ही काय के लिए बोलले? मी तर नाही बोलले."

मी म्हणालो, "तू कॉइल खाली ठेवलीस ना. मला तेवढं पुरे झालं."

बस आली तेव्हा पायरीवर चढताना ती म्हणाली, "वाकणावर माझा हात कैसा फिरतो, ते गुरुवारी आरामसे करून दाखवते. चौदा साल झाले, कोणी विचारलंच नाही."

रत्ना, मी तिचा फोरमन होतो. मीही विचारलं नव्हतं. उद्या गुरुवार, सकाळी आठला वही घेऊन तिच्यासमोर बसणार आहे.

तुझा मामा
काशिनाथ